मोहिनी येळणे काय काम करते

पुलगावच्या बाजारात मनकर्णाबाई भेटल्या की भाजी बाजूला राहते आणि मी अडचणीत येते. त्यांची मोहिनी आणि मी नाचणगावच्या शाळेत पहिलीपासून एका बाकावर. मी पुढे शिक्षिका झाले आणि इथेच राहिले. ती पुण्याला गेली. त्यामुळे लेकीला फोनवर विचारायचे राहून गेलेले प्रश्न मला भेंडीच्या ढिगापाशी ऐकावे लागतात.

"वर्षाली, तू शिकलेली हायस. एक बार मले नीट सांग. आमची मोहिनी करते काय?"

"काकू, चित्रायच्या कंपनीत हाय ना ती."

"म्हंजे चित्रं काढते?"

"नाई. कम्प्युटरचं काम पाहाते."

"मंग कम्प्युटरच्या कंपनीत हाय म्हण ना. चित्रायच्या काऊन म्हणतं?"

इथे माझं शिक्षण संपतं. मी म्हणते, मोहिनी आली की तिलाच विचारू. त्या मान हलवतात आणि भेंडी मोडून पाहू लागतात.

महादेवरावांना, म्हणजे मोहिनीच्या वडिलांना, हा प्रश्न कधी पडला नाही. त्यांची अख्खी नोकरी पुलगावच्या लष्करी दारूगोळा डेपोत गेली. तिथे आत काय चालतं हे घरी बोलायचं नाही, अशी त्यांची शिस्त. सकाळी "कामावर जातो," संध्याकाळी "आलो," एवढंच. मुलगी तिच्या कामाबद्दल काही सांगत नाही म्हणजे सांगायची परवानगी नसेल, असं ते धरून चालतात. पण मोहिनीला परवानगी आहे. तिला सांगायचंही असतं. तिला ते सांगता येत नाही, ही गोष्ट वेगळी.

चित्रांचं तिला वेड होतं असं कोणी म्हणेल तर मी मानणार नाही. चित्रकलेच्या तासाला ती घर काढायची, त्याला दार काढायची आणि मग उरलेला वेळ माझ्या वहीवर फुल्या मारायची. सेवाग्रामच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तिने कम्प्युटर घेतला तोही हौसेने नाही. तिच्या मार्कांवर तेवढंच मिळत होतं. पहिली नोकरी नागपूरला, दवाखान्यांच्या बिलांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका लहानशा फर्ममध्ये. तिथून पुणे. तिथे गोदामांचं काम होतं: कोणता माल कुठे ठेवलाय आणि तो कधी खराब होईल. हे काम तिला आवडायचं. "बटाटे काई बोलत नाई," ती म्हणायची, "सडले तर सडले, नाई तर नाई."

एका सकाळी त्या कंपनीने अख्ख्या गटाला एका खोलीत बोलावलं आणि काम बंद होत असल्याचं सांगितलं. त्याच गटात आधी असलेला विवेक नावाचा सहकारी तेव्हा 'रंगपेठ'मध्ये होता. त्याने तिला बोलावून घेतलं.

रंगपेठ म्हणजे चित्रं विकणारी कंपनी. गावोगावचे चित्रकार आपल्या चित्रांचे फोटो तिच्या साइटवर टाकतात; हॉटेलवाले, डॉक्टर, नवीन घर घेतलेले लोक ती विकत घेतात. मालकीणबाई रीता. मोहिनीच्या मुलाखतीत त्यांनी भिंतीवरच्या एका मोठ्या चित्राकडे बोट दाखवून विचारलं, "हे कसं वाटतं?"

मोहिनीला ते चित्र सरळ टांगलंय की उलटं, हेही कळत नव्हतं. ती म्हणाली, "मॅडम, मला चित्रातलं काही कळत नाही."

रीता मॅडम हसल्या. "छान. इथे सगळ्यांनाच कळतं, तोच त्रास आहे."

नोकरी मिळाली. त्या रात्री तिने मला फोन केला, आणि तिला आनंद झालाय की अपमान झालाय हे आम्हा दोघींना ठरवता आलं नाही.

पहिलं काम रंगांचं आलं. लोक चित्रं परत पाठवायचे. फोनवर लाल दिसलेलं चित्र घरी आल्यावर विटकरी निघायचं. चित्रकार म्हणायचे आमचा रंग बरोबर आहे, गिऱ्हाईक म्हणायचं आमचे डोळे बरोबर आहेत. मोहिनीने सगळ्या चित्रकारांना एक छापील रंगपट्टी पाठवली आणि सांगितलं की फोटो काढताना ती चित्राशेजारी ठेवा. पट्टीवरचे रंग काय आहेत हे आधीच ठाऊक. फोटोत ते जेवढे बदलले तेवढे कम्प्युटरने परत फिरवायचे. चित्रं परत येणं बरंच कमी झालं. तिचं कौतुक झालं. कंपनीच्या कार्यक्रमात कोणीतरी म्हणालं की मोहिनीला रंगांची जाण आहे. तिने मला विचारलं, "मले हाय का वं रंगायची जाण?" मी तिच्या लग्नातल्या शालूचा रंग आठवला आणि गप्प बसले.

मग विवेक परदेशी गेला. त्याच्या जागेवर माणूस मिळेपर्यंत मोहिनीने पाहावं असं ठरलं. माणूस मिळाला नाही. वर्षभराने तिच्या नावापुढे तंत्रज्ञान-प्रमुख लागलं. "मी नाई म्हणाची तयारी करून ठेवली होती," ती मला म्हणाली, "कोणी इचारलंच नाई."

हे सगळं मी दुरून ऐकत होते. मी त्यात ओढली गेले ती बंडूजींमुळे.

मी शिकवते ती शाळा रोहण्याला, पुलगावहून आर्वीच्या वाटेवर. बंडूजी हे रोहण्याचे पेंटर. आमच्या शाळेच्या भिंतीवरचा भारताचा नकाशा त्यांचा, दुकानांच्या शटरवरची अक्षरं त्यांची, लग्नघराच्या दाराशेजारचे गणपती आणि भालदार-चोपदार त्यांचे. फ्लेक्स आल्यावर हे काम गेलं. काही वर्षं त्यांनी घरं रंगवली. मग त्यांची मुलगी रिंकू आर्वीच्या कॉलेजात जायला लागली आणि तिने वडिलांना कॅनव्हास आणून दिले. चित्रं झाली की ती त्यांचे फोटो काढून कुठल्याशा साइटवर टाकायची. ती विकली जात होती, एवढं मला ठाऊक होतं. साइट कोणती हे मी कधी विचारलं नव्हतं.

मागच्या डिसेंबरात बंडूजी माझ्या घरी आले. चहा घेतला, माझ्या मिस्टरांची चौकशी केली, आणि मग खिशातून फोन काढून माझ्यासमोर धरला. पडद्यावर लिहिलं होतं की आपली चित्रं यंत्राने तयार केल्याचे आढळल्यामुळे आपले खाते बंद करण्यात येत आहे. खाली रंगपेठ असं नाव होतं.

"नाचणगावच्या महादेवरावायची पोरगी तिथं मोठी सायबीण हाय म्हणतात," ते म्हणाले. "तुही मैत्रीण ना? तिले इचार, मी यंत्र कधीपासून झालो."

मी मोहिनीला फोन केला. तिने बंडूजींच्या खात्याचं नाव विचारून घेतलं.

झालं होतं असं. अलीकडे कोणीही कम्प्युटरला चार शब्द सांगून चित्र बनवून घेतं. काही लोक तसली चित्रं कॅनव्हासवर छापायचे, वरून पारदर्शक चिकट लेप ब्रशने फासायचे आणि हाताने काढलेली म्हणून विकायचे. गिऱ्हाइकांनी बोभाटा केला. तेव्हा मोहिनीच्या गटाने एक तपासणी बसवली. चित्राचा फोटो आला की कम्प्युटर तो पाहणार, आणि यंत्राचा संशय दाट असेल तर खातं आपोआप बंद होणार. ती तपासणी मोहिनीने स्वतः मंजूर केली होती.

"कार्तिकच्या साक्षगंधाले येऊनच राह्यली मी," ती शेवटी म्हणाली. कार्तिक तिचा चुलतभाऊ; त्याचा साखरपुडा होता. "तेव्हा जाऊ आपण रोहण्याले. मले पाहू दे."

साक्षगंधाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही माझ्या गाडीने निघालो. वाटेत दोन्ही बाजूंना तुरी शेंगांनी लगडलेल्या, कापसाची वेचणी चालू. मोहिनी लॅपटॉपची बॅग मांडीवर धरून बसली होती. बंडूजी खोटं बोलत असतील तर काय करायचं हे तिने ठरवलं होतं, आणि खरं बोलत असतील तर काय करायचं हेही. तसं ती मला सांगत होती.

बंडूजींच्या अंगणात त्यांच्या बायकोने, धुरपताकाकूंनी, चटई टाकली आणि उकडलेल्या तुरीच्या शेंगांचं ताट पुढे ठेवलं. बंडूजी आणि रिंकूने दोन चित्रं आणून भिंतीला टेकवली.

पहिलं होतं नदीवरच्या संध्याकाळचं. गुळगुळीत केशरी आभाळ, पाण्यात पडलेला सूर्य, काठावर एक घर, दोन राजहंस. मी ते ओळखलं. हेच चित्र त्यांनी गावातल्या किराणा दुकानाच्या शटरवर काढलं होतं, सलूनच्या आरशावर काढलं होतं, आणि एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरही.

दुसरं कापूस वेचणाऱ्या बायांचं. सगळ्या बाया वेचता वेचता थांबल्यात आणि मान वर करून आभाळाकडे पाहतायत. आभाळात काही नाही. त्यांच्या चेहऱ्यांवर खालून उजेड आलाय, जणू कापूसच उजेड देतोय. असं चित्र मी बंडूजींच्या हातून कधी पाहिलं नव्हतं. मी शेंग तोंडाशी नेलेली तशीच धरून बसले.

मोहिनीने लॅपटॉप उघडून दोन्ही चित्रांचा निकाल पाहिला आणि पहिल्याकडे बोट दाखवलं. "हे पकडलं हाय. हंसाचं. हे यंत्राचं हाय म्हणते."

"हे?" बंडूजी चित्राकडे पाहू लागले. "हे तं मी डोळे मिटून काढतो. रिंकू जन्मली नव्हती तवापासून काढून राह्यलो."

"आणि हे दुसरं पास झालं. हे हातचं हाय म्हणते."

बंडूजी आणि रिंकू एकमेकांकडे पाहू लागले. मग बंडूजी अगदी सहज म्हणाले, "हे फोनवरचं हाय ना, पोरी."

मोहिनीने निकाल पुन्हा एकदा पाहिला.

"म्हंजे असं का," ते समजावून सांगू लागले, "रिंकूच्या फोनात ते हाय, बोललं का चित्र देते. मी त्याले म्हटलं, कापूस येचणाऱ्या बाया दाखव, पण साऱ्याईचे तोंडं वर पाह्यजे. त्यानं लय दाखवले. कोणाच्या डोक्यावर पगडीच दिली, कोणाच्या मांगं समुद्र. एक मले बरं वाटलं. मग ते पाहून पाहून मी हे काढलं. समुद्र काढून टाकला."

"उजेड कोणाचा?" मोहिनीने विचारलं.

"उजेड त्याचा. मले नसता सुचला."

"आणि मान वर करणं?"

"ते माहं. पण काऊन वर पाहून राह्यल्या, ते नको इचारू. ते मलेबी मालूम नाई."

मोहिनीने दोन्ही चित्रं उचलून उन्हात नेली. जवळून पाहिली, दुरून पाहिली. कापसाच्या चित्रात रंगाचे थर होते, ब्रशचे फराटे होते, एका बाईच्या पदरावर बंडूजींच्या अंगठ्याचा ठसासुद्धा होता. हंसाचं चित्र काचेसारखं गुळगुळीत. शटरवर इनॅमल मारून मारून त्यांचा हात तसाच बसला होता. त्या हंसांसारखे हंस देशभर किती भिंतींवर, किती कॅलेंडरांवर पोहत असतील. यंत्राने त्यातलेच पाहून शिकायचं ठरवलं असेल, तर बंडूजींचं चित्र त्याला आपलंच वाटणार, असं मोहिनी पुटपुटली. ते ती मला सांगत होती की स्वतःला, कोण जाणे.

"बंडूजी," ती परत येऊन चटईवर बसली. "यातलं तुमचं कोणतं?"

"दोनी."

"तसं नाई. नियमात लिहिलं हाय, चित्र तुमच्या हातचं पाह्यजे आणि तुमच्या मनातलं पाह्यजे."

"हंसाचं माह्या उस्तादाच्या मनातलं व्हतं," बंडूजी म्हणाले. "त्यानं कोणाचं पाह्यलं मले मालूम नाई. आता कसं करता?"

त्यांनी हे टोमण्याने विचारलं नव्हतं. ती शिकलेली आहे, तिला ठाऊक असेल, अशा भावनेने विचारलं होतं. मोहिनीने शेंगांचं ताट जवळ ओढलं आणि एकेक शेंग सोलून दाणे ताटातच टाकू लागली, न खाता.

निघताना तिने विचारलं, "फोनचं मी कंपनीत सांगू का? नाई सांगितलं तं कोणाले समजणार नाई. ते चित्र पास झालं हाय."

मला वाटलं ते नको म्हणतील. धुरपताकाकूंनाही तसंच वाटलं असावं, त्या पुढे झाल्या. पण बंडूजी म्हणाले, "सांग ना. चोरी थोडीच केली."

परत येताना सोरटा गावापाशी तिने लॅपटॉपची बॅग मागच्या सीटवर टाकली. मग म्हणाली, "मी खरं खोटं पाहाले आली होती. मले वाटलं, एक तरी भेटंन."

दुसऱ्या दिवशी नाचणगावच्या घरी, माजघरात दार लोटून, तिने रीता मॅडमना स्पीकरवर फोन लावला. मी तिथेच होते. मनकर्णाबाई दाराबाहेर तांदूळ निवडत होत्या, पण त्यांचे कान आत होते. मोहिनीने जसं घडलं तसं सगळं सांगितलं: आपली तपासणी चुकली, हातच्या चित्राला यंत्राचं म्हटलं, पास केलेलं फोनवरून घेतलेलं निघालं, आणि तेही पूर्ण खोटं नाही.

"मोहिनी, मला एका शब्दात सांग," रीता मॅडम म्हणाल्या. "हा माणूस फसवतोय का?"

"नाही."

"मग कापसाचं चित्र त्याचं आहे का?"

"माहीत नाही."

"तू तंत्रज्ञान-प्रमुख आहेस."

"म्हणूनच सांगते, मॅडम. कम्प्युटरला माहीत नाही, हे मी सांगू शकते. मला का माहीत नाही, ते सांगता येत नाही. पण मी आज खाती आपोआप बंद करणं थांबवतेय. आधी कोणीतरी त्या माणसाशी बोलेल. बाकीचं तुम्ही ठरवा."

फोन झाल्यावर तिने लगेच गटाला तसा निरोप पाठवला. तिला वाटलं होतं की नोकरी जाईल. मलाही तेच वाटलं होतं. मनकर्णाबाई आत आल्या आणि म्हणाल्या, "एवढं सारं माहीत नाई माहीत नाई म्हणतं, तरी तुले ठेवतात कामावर?"

बंडूजींचं खातं उघडलं. हंस परत आले. कापसाच्या चित्राचं मात्र कंपनीत बरेच दिवस भिजत घोंगडं पडलं. शेवटी ठरलं की अशा चित्रांखाली 'यंत्राच्या मदतीने' अशी ओळ टाकायची. बंडूजींना ती ओळ आवडली नाही. त्यांचं म्हणणं, मग अक्षरं सरळ यावी म्हणून मी दोरी ताणतो, तेही लिहा. कॅलेंडर समोर ठेवतो, तेही लिहा. त्यांनी ते चित्र साइटवरून काढून घेतलं. तेव्हा मोहिनीने त्यांना दोनदा फोन केला. एकदा ओळ योग्य आहे हे पटवायला, आणि नंतर एकदा, ओळ योग्य आहे की नाही हे आपल्यालाच कळत नाही, हे सांगायला. दुसऱ्या फोननंतर दोघांचं जमलं, पण चित्र काही साइटवर परत गेलं नाही. चित्र आता त्यांच्या घरीच आहे, धुरपताकाकूंच्या देवघराशेजारी. तिकडे गेले की मी पाहते. त्या बाया कशाकडे पाहतात हे मला अजून समजलेलं नाही.

आणि मोहिनीची नोकरी गेली नाही. उन्हाळ्यात रीता मॅडमनी तिला बोलावून सांगितलं की यापुढे तंत्रज्ञानाबरोबर चित्रांची निवडही तिच्याकडे राहील. चित्रकारांशी बोलायचं, कोणाला घ्यायचं ते ठरवायचं, सगळं.

"मॅडम, मला चित्रातलं काही कळत नाही," ती पुन्हा म्हणाली.

"मला कळतं असं वाटायचं," रीता मॅडम म्हणाल्या. "त्या बंडूजींचं कापसाचं चित्र मी नुसतं पाहून ठरवलं असतं तर डोळे झाकून घेतलं असतं, आणि हंसाचं परत पाठवलं असतं. तू निदान जाऊन विचारलंस."

ही बढती आहे की शिक्षा, यावर आम्ही दोघी फोनवर तासभर बोललो. तिने ती घेतली, एका अटीवर. महिन्यातले काही दिवस ती नाचणगावातून काम करणार. इकडच्या, अमरावती-यवतमाळकडच्या चित्रकारांना प्रत्यक्ष भेटणार. महादेवरावांनी तिच्यासाठी माजघरातली जुनी लाकडी पेटी हलवून टेबल मांडून दिलं, आणि ते काम कशाचं हे तेव्हाही विचारलं नाही.

मागच्या रविवारी मी गेले तेव्हा ती त्या टेबलापाशी बसली होती. पडद्यावर हिंगणघाटच्या एका बाईने पाठवलेलं चित्र होतं: रिकामा ओटा आणि त्यावर उलटी घातलेली बादली. बाकी काही नाही.

"कसं वाटते?" तिने विचारलं.

"चांगलं हाय," मी म्हटलं.

"काऊन?"

मी पुन्हा पाहिलं. बादली निळी होती. ओट्यावर ओल होती, म्हणजे कोणीतरी नुकतंच उठून गेलं असावं. किंवा ओल नसेल, नुसता रंग असेल. "सांगता येत नाई," मी म्हटलं.

"मलेबी," मोहिनी म्हणाली. "सकाळपासून पाहून राह्यली." मग तिने फोन उचलला आणि हिंगणघाटचा नंबर लावला. पलीकडे घंटी वाजत होती. तिने फोन कानाला लावला आणि मला खुणेने बसायला सांगितलं.